बावीस नंबरचा शेरा

तिनं माझं आडनाव खोडलं. माझ्या डोळ्यांदेखत. निळ्या बॉलपेननं, एकच सरळ रेघ मारून.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, दुसऱ्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट. मी सोफ्याच्या कडेला बसलेले. मांडीवर एम. ए.च्या मार्कशीटची फाइल. ती कॉलेजात मराठी शिकवून वेळेआधी रिटायर झालेली. तिनं इंटरनेटवर मराठी लेखनाचे वर्ग काढले होते आणि तिथं शिकवायला तिला माणूस हवं होतं. तेव्हा मी तिला मॅडम म्हणायचे, अहो-जाहो करायचे. आता अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही.

वेबसाइटवर 'मार्गदर्शक' म्हणून जे नाव जाणार ते मला कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिनं कागद घेतला आणि आडनावापाशी थांबली. ते थांबणं आम्हाला लहानपणापासून ओळखू येतं.

"अगं, तू?" ती म्हणाली. "तू बोलतेस तेव्हा अजिबात वाटत नाहीस हं."

मी हसले. हे आधीच सांगून टाकते. मी हसले, जणू तिनं माझ्या साडीचं कौतुक केलं.

मग रेघ मारली.

"गैरसमज नको करून घेऊस. आम्ही घरात काहीच मानत नाही. पण शिकायला येणारे लोक कसे असतात तुला माहितेय. मराठीचा विषय आहे. नाव जरा शोभायला हवं."

माझं पहिलं नावही तिला शोभेना. त्यातही आमची वस्ती दिसते म्हणे. तिनं विचार केला आणि कागदावर लिहिलं, मृण्मयी. "गोड आहे की नाही? आणि आडनाव माझ्या माहेरचं लाव. माझी काहीच हरकत नाही."

तिची हरकत नव्हती. माझी तिनं विचारली नाही. ते आडनाव मी इथं लिहीत नाही, तिच्या माहेरच्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

चहा आला. कप तिच्या कपासारखाच होता. मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक आधी कपाचं विचारतात. कपात काही खोट नव्हती. मी तो चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जायला लागले.

दोन हजार सात-आठचे दिवस. अंबरनाथला आमच्या चाळीत कुणाकडं कॉम्प्युटर नव्हता. पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. मी दोन वर्षं अर्ज करून करून थकलेले. शाळांमध्ये जागा नव्हत्या, असल्या तरी आमच्यासाठी नव्हत्या. त्यात ही नोकरी मिळाली. लेखन शिकवायचं. पप्पांना एवढा आनंद झाला की रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "माझी मुलगी इंटरनेटवर लोकांना लिहायला शिकवते." टाळ्या झाल्या. मी मागच्या ओळीत चटईचे दोरे ओढत बसले होते.

पप्पांनी मला लहानपणी एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. आडनाव सांगताना आवाज बारीक करायचा नाही. शाळेत पहिल्या दिवशी बाई आडनाव विचारतील, तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. पहिलीतल्या वर्गात मी ते असं ओरडून सांगितलं होतं की पोरं हसली होती.

आता ह्या वर्गाचं सांगते. वर्ग म्हणायचं, पण तिथं फळा नाही, बाकं नाहीत, तासाची घंटा नाही. बारा धडे वेबसाइटवर ठेवलेले. ज्याला जमेल तेव्हा त्यानं धडा वाचायचा, खालचा गृहपाठ लिहायचा आणि पाठवून द्यायचा. कुणी महिन्यात बारा धडे उरकायचं, कुणी वर्षभर रेंगाळायचं. 'आपापल्या गतीने शिका' असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. शिकवणारीचं तोंड शिकणाऱ्याला कधी दिसत नसे. त्याला दिसे मार्गदर्शकाचं नाव आणि गृहपाठाखालचा शेरा.

शेरेही तयार होते. मॅडमनं चाळीस शेरे लिहून ठेवले होते, प्रत्येकाला नंबर. मी गृहपाठ वाचायचा, चौकटीत नंबर टाकायचा, की अख्खा शेरा खाली उमटायचा. तीन टाकलं की 'सुरुवात वेधक आहे.' अकरा टाकलं की 'निसर्गवर्णनात तोचतोचपणा टाळावा.' बावीसचं पुढं सांगते.

मला नंबरांचा कंटाळा यायचा. नंबर टाकून झाला की मी खाली माझ्या मनानं चार ओळी लिहायचे. ह्या वाक्यात तुमची आई दिसली, त्या वाक्यात दिसली नाही, असं. लोकांना ते आवडायचं. पुण्याच्या, ठाण्याच्या गृहिणी, रिटायर झालेले बँकवाले, अमेरिकेतली मुलं-सुना, सगळे मृण्मयीताईंना लिहायचे. एका काकूंनी लिहिलं, "तुमच्या आडनावावरूनच कळलं, घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिणं-वाचणं असणार."

माझी आजी अंगठा उठवायची. आजोबा मेले तेव्हा त्यांचं नाव रेशनकार्डावर चुकीचं होतं, ते दुरुस्त करायलाही कुणाला जमलं नव्हतं.

पण खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. मृण्मयी असणं सोपं होतं. मृण्मयीनं एखादी गोष्ट म्हटली की लोक मानायचे. कुणी उलट विचारायचं नाही, तू कोण सांगणार. मी तेच म्हटलं असतं तर पहिल्यांदा माझे मार्क काढून बघितले असते, मग कुठल्या कोट्यातून आलीस ते. मृण्मयीला कुणी मार्क विचारले नाहीत. मी सकाळी बेलवलीला जायचे, पडद्यासमोर बसले की माझा आवाजसुद्धा बदलायचा. माझी मलाच लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी मी परत जायचे.

बदलापूरला तेव्हा लोडशेडिंग फार. दुपारी लाइट गेली की मी उल्हासनगरला चार नंबरात, म्हणजे कॅम्प चारला, एका सायबर कॅफेत जाऊन उरलेलं काम करायचे. कॅफेवाले एक वयस्क सिंधी गृहस्थ होते. बाई कुठलीही असो, तिला 'अदी' म्हणायचे, म्हणजे ताई. माझ्यासाठी कोपऱ्यातला पंख्याखालचा कॉम्प्युटर रिकामा ठेवायचे.

एका शनिवारी पप्पा म्हणाले, "चल, मला पण बघू दे तुझी वेबसाइट."

मी टाळलं. कॅफे बंद असेल म्हटलं, गर्दी असेल म्हटलं. ते ऐकेनात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. चार नंबरात कॅफेवाल्या काकांनी त्यांना नमस्कार करून खुर्ची दिली. मी वेबसाइट उघडली. पप्पांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवत ठेवत पान वाचलं. वरपासून खालपर्यंत. मग खालून वर.

"तुझं नाव कुठंय?"

"हे टेंपररी आहे, पप्पा. माझं नंतर टाकणार आहेत."

"शिकवते कोण?"

"मी."

"मग ही कोण?"

मी माउस हलवत राहिले. मागून काका वाकून बघत होते. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज म्हणाले, "अदी, ये मॅडम कौन है? काम तो सारा आप करती हो."

पप्पांनी चष्मा काढून डबीत ठेवला. अंबरनाथला शेअर रिक्षातून उतरल्यावर एवढंच म्हणाले, "विहारात मी सांगून बसलोय." आणि पुढं चालायला लागले. मी त्यांच्यामागून चालले. मी आडनाव सांगायला हवं होतं, मॅडमला, तिनं रेघ मारली त्या पहिल्याच दिवशी, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. पण मी सोमवारी परत कामावर गेले.

शिकणाऱ्यांत शहाडची एक मुलगी होती. प्रज्ञा. तिकडच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात डेटा एंट्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेतून गृहपाठ पाठवायची. तिचं आडनाव माझ्या पडद्यावर पूर्ण दिसायचं. तिनं ते लपवलं नव्हतं. वर्गाला नाव घालताना तिला कुणी विचारलं नसावं, पैसे भरले की कुठलंही आडनाव चालायचं. शिकवायला मात्र चालत नव्हतं.

तिच्या पाचव्या धड्याला मी भरभरून लिहिलं होतं. वस्तीतल्या नळावरची सकाळ तिनं अशी लिहिली होती की मला हंड्यांचे आवाज आले. मी तो गृहपाठ 'निवडक' पानावर टाकला. मॅडमनं बघितला आणि मला आत बोलावलं.

"असल्या रडगाण्यांना उत्तेजन देऊ नकोस. परदेशातली मुलं वाचतात हे. यापुढं असलं काही आलं की बावीस टाक."

बावीस नंबरचा शेरा असा होता: 'प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो. आजच्या काळात असे घडत नाही. लेखनातून प्रसन्नता यावी.'

मी म्हटलं, "हो मॅडम."

सातव्या धड्याचा विषय होता, शाळेची सहल. सगळ्यांच्या सहली सारख्याच असतात. बस, गाणी, भेंड्या. प्रज्ञाची अशी होती.

सहल बारवी धरणाकडं. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचं. तिच्या आईनं आदल्या दिवशी मटकी भिजत घातली, पहाटे उठून उसळ केली, मोठा स्टीलचा डबा गच्च भरला. मांडीवर धरून धरून पोरीचे पाय भाजले. तिथं बाईंनी एकेक डबा उघडून मध्ये मांडला. हिचा उघडला, विचारलं, "कुणाचा गं?" हिनं हात वर केला. बाईंनी झाकण लावलं. "उसळ आंबली वाटतं. उगाच पोटं बिघडायची." आणि डबा झाडाखाली दप्तरांपाशी ठेवून दिला. दुसऱ्या एका मुलीचीही उसळच होती. ती सगळ्यांनी खाल्ली. हिनंही खाल्ली.

संध्याकाळी ती भरलेला डबा घेऊन परत आली. शहाडच्या पुलावर थांबली आणि सगळी उसळ नदीत ओतली. नळावर डबा धुतला. घरी आईला म्हणाली, "सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली."

शेवटचं वाक्य होतं, "पुढच्या वर्षी आईनं दुप्पट मटकी भिजत घातली."

मी ते वाचलं. मला त्यातला शब्द न् शब्द खरा आहे हे ठाऊक होतं. ते झाकण लावणं मला ठाऊक होतं. मी ज्या घरात बसले होते, तिथं माझ्याही नावावर एकदा झाकण लागलं होतं. तेवढ्यात मॅडम मागून गेली. पडद्याकडं बघितलं आणि पुढं गेली. तिला बोलावं लागलंच नाही.

मी चौकटीत आकडा टाकला. दोन. दोन. एंटर.

शेरा उमटला. खाली नाव उमटलं, मृण्मयी. त्या दिवशी खाली माझ्या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. पुढच्या माणसाचा गृहपाठ उघडला. महाबळेश्वरची सहल होती. तिला मी तीन नंबर दिला.

चार दिवसांनी आठव्या धड्याच्या गृहपाठाच्या जागी प्रज्ञाची चिठ्ठी आली. मला ती पाठ आहे.

"मृण्मयी मॅडम, तुमचा शेरा वाचला. तुमच्या घरून गेलेला डबा कधी भरलेला परत आला नसेल, म्हणून तुम्हाला हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. तुमची चूक नाही. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं. पुढचे धडे मला नकोत."

तुमची चूक नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. ह्या तीन शब्दांनी माझं कातडं सोललं. तिनं मला माफ केलं होतं, कारण तिला वाटलं मी त्यांच्यातली आहे आणि त्यांच्यातल्यांना काय कळणार. मी आमच्यातली होते. मला सगळं कळत होतं. मला माफी नव्हती. पप्पांना 'नंतर टाकणार आहेत' म्हणून सांगणारी मी, मीसुद्धा पुलावर डबा ओतूनच घरी गेले होते. फक्त प्रज्ञा तेव्हा लहान होती. मी चोवीस वर्षांची होते.

मी उठले. मॅडम हॉलमध्ये पेपर वाचत होती.

"मॅडम, तो शेरा बदलायचाय. आणि माझं नाव टाका."

"कुठं?"

"वेबसाइटवर. माझं खरं नाव. आडनावासकट."

तिनं पेपर घडी केला. अगदी शांतपणे. ह्या लोकांना राग येतो तेव्हा आवाज चढत नाही, मऊ होतो.

"हे बघ, मी तुला संधी दिली. तुमच्यातही आता शिकलेली माणसं तयार होताहेत, मला आनंदच आहे. पण तुझ्या नावानं कोण येईल शिकायला? राग मानू नकोस, मी व्यवहाराचं बोलतेय."

"आत्तापर्यंत माझ्याकडंच शिकले सगळे."

"मृण्मयीकडं शिकले."

"मृण्मयी कोण आहे, मॅडम?"

तिनं चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाली, "तू आधी अशी नव्हतीस." मग थोडं थांबून, "शेवटी असतंच ते."

शेवटी असतंच ते. पहिल्या दिवशी मी अजिबात वाटत नव्हते. आता वाटायला लागले होते. मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मी चप्पल घातली, फाइल उचलली आणि जिना उतरले. तो नावाचा कागद मागून घ्यायला हवा होता. राहिला.

तिथून मी थेट चार नंबरात गेले. पासवर्ड बदलायच्या आत पोचायचं होतं. काकांनी माझं तोंड बघितलं आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला उठवून दुसरीकडं बसवलं. मी प्रज्ञाचा सातवा गृहपाठ उघडला. बावीस नंबरचा शेरा पुसला. त्या जागी लिहिलं:

"हे खरं आहे. मला वाचतानाच माहीत होतं. तरी मी तो शेरा दिला, कारण मला नोकरी टिकवायची होती. मृण्मयी नावाची कुणी नाही. मी अंबरनाथची आहे. तू ज्या घरातली, त्याच घरातली. चूक माझी आहे."

खाली माझं नाव. वडिलांचं नाव. आडनाव.

मग जुने गृहपाठ उघडत गेले. पुण्याच्या काकूंचा, अमेरिकेतल्या सुनेचा, बँकवाल्यांचा. जिथं जिथं माझ्या मनानं लिहिलेल्या चार ओळी होत्या, तिथं तिथं खाली माझं पूर्ण नाव टाकत गेले. किती झाले मोजले नाहीत. मध्येच पान उघडेना. पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्यावर आलं. मी परत टाकला. परत तेच.

प्रज्ञानं ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. तिनं वर्ग सोडला होता, ती पान परत उघडेल कशाला. पुढं मी तिला शोधलं. शहाडला दोन-तीन कारखान्यांच्या गेटवर जाऊन विचारलं. वॉचमननी हाकललं. सापडली नाही. कुठंतरी ती अजून असं धरून चालली असेल की मृण्मयी मॅडमची चूक नव्हती.

वेबसाइट चालू राहिली. पंधरा दिवसांनी मी बघितली. माझी नावं पुसलेली होती. मार्गदर्शक, मृण्मयी. माझ्या जागी दुसरी कुणीतरी येऊन बसली होती. तिचं खरं आडनाव काय असेल, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला.

पप्पांना मी नोकरी सोडली त्याच दिवशी संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. कंपनीतून आले होते, पाय धुऊन बसले होते. आधी मी मॅडमचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग मी शहाडच्या मुलीचं सांगितलं. तेव्हा मान हलायची थांबली. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे, तुझा नाइलाज होता. ते तसं म्हणाले नाहीत.

"रविवारी विहारात तू स्वतः सांग," ते म्हणाले. "ते बावीस नंबरचं पण सांग. अर्धं सांगू नको."

मी सांगितलं. उभी राहून, सगळ्यांसमोर. टाळ्या झाल्या नाहीत. एक म्हातारी बाई पुटपुटली, "पोरी, तू पण?" आणि मी खाली बसले. ती म्हातारी कुणाची कोण होती मला माहीत नाही, पण मटकी भिजत घालणारी कुणाचीतरी आई ती असणारच.

त्या दिवसापासून माझ्या नावाशिवाय माझं अक्षर मी कुणाला दिलेलं नाही. भाषणं लिहून मागायला आले, नाही म्हटलं. एका साहेबांचं आत्मचरित्र लिहून द्या म्हणाले, नाही म्हटलं. त्यापायी कामं गेली. जाऊ देत. हा मजकूर छापायला देतानाही मी एकच अट घातली आहे. वाक्यं कापा, परिच्छेद कापा, जागा कमी असेल तर निम्मा करा. आडनावाला हात लावायचा असेल तर अख्खा परत पाठवा.

आणि एक नोंद राहिली आहे. ती कापू नका. शहाडच्या त्या मुलीला 'आजच्या काळात असे घडत नाही' हा शेरा मृण्मयीनं दिला नाही. मी दिला. तोही माझ्याच नावावर लावा.